नागपुरात पहिला उन्हाळा काढताय? वरच्या मजल्यावरचं घर थंड ठेवायचं कसं ते आधीच वाचून घ्या

मी मूळचा डोंबिवलीचा. २०१९ च्या एप्रिलमध्ये नोकरीसाठी नागपूरला आलो आणि ब्रोकरने दाखवलेला पहिलाच फ्लॅट घेऊन मोकळा झालो. तिसरा मजला, डोक्यावर थेट गच्ची, हॉलला पश्चिमेकडे ही मोठी खिडकी. संध्याकाळी बघायला गेलो होतो, त्यामुळे "वा, काय उजेड आहे" असं मीच म्हणालो होतो, त्याची आठवण बायको अजून काढते.

पहिल्या रविवारी आम्ही डोंबिवलीत करायचो तेच केलं. सगळ्या खिडक्या सताड उघड्या, पंखा पाचवर. दुपारी दोनला फरशी कोमट, गादीवरची चादर नुकतीच इस्त्री केल्यासारखी, आणि पंख्याखाली बसलं की कोणीतरी हेअर ड्रायर धरल्यासारखं. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण काकू काहीतरी द्यायला वर आल्या आणि दारातच थांबल्या. "अरे बाप्पा, खिडक्या काहून उघड्या ठेवल्या जी? लू घरात घेऊन राहिले का तुम्ही?"

तिथून माझं शिक्षण सुरू झालं. मुंबई-पुणे-कोकणातून येणाऱ्याला उन्हाळ्याबद्दल जे जे माहीत असतं त्यातलं निम्मं इथे उलटं करावं लागतं, कारण तिकडे त्रास घामाचा असतो आणि इथे कोरड्या गरम हवेचा. दमट गावात हवा खेळती ठेवली की बरं वाटतं, इथे दुपारची बाहेरची हवा ४४-४५ डिग्री असते आणि आपल्या कातडीचं तापमान साधारण ३५, म्हणजे ती हवा अंगावर घेऊन तुम्ही गारच होत नाही, तापता. २०१३ च्या मे महिन्यात इथे ४७.९ पर्यंत पारा गेलेला आहे. (२०२४ च्या मे अखेरीस ५६ डिग्रीची बातमी सगळीकडे फिरली होती, ती सेन्सरची गडबड निघाली, त्यावरून नातेवाइकांचे फोन मात्र आठवडाभर येत होते.)

आता क्रमाने सांगतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात करा. एप्रिलमध्ये कूलरवाला फोन उचलत नाही.

१. आधी ही जमवाजमव करा

- भाडेकरार काढून वाचा. खिडकीबाहेर कूलरचं स्टँड लावायला आणि भिंतीला भोकं पाडायला परवानगी आहे का बघा, नसेल तर मालकाकडून व्हॉट्सॅपवर तरी लिहून घ्या. तोंडी "हो हो लावा न" हे डिपॉझिट परत घेताना कोणाला आठवत नाही.
- गच्चीवर काही करायचं असेल तर सोसायटीची किंवा मालकाची परवानगी.
- महावितरणचं बिल. त्यावर मंजूर भार, म्हणजे तुमच्या घराला एका वेळी किती किलोवॅट वीज वापरायला मंजूर आहे ते, लिहिलेलं असतं. एसी घ्यायचा विचार असेल तर हा आकडा आधी बघा.
- एक साधा थर्मामीटर. भिंतीवरच्या घड्याळात येतो तोही चालेल. याच्याशिवाय आपण केलेल्या उपायाने फरक पडला की नुसतं मनाला वाटतंय ते कळत नाही.
- टेस्टर, पाण्याचा लांब पाइप, हिरवी नेट, सुतळी, कळीचा चुना, जुने कॉटनचे जाड पडदे किंवा चादरी.

२. खिडक्यांचं टाइमटेबल पाळा

याला एक रुपया लागत नाही आणि नवीन माणूस नेमकं हेच करत नाही. सकाळी साडेआठ-नऊच्या आत खिडक्या बंद, पडदे ओढलेले. रात्री बाहेरची हवा घरातल्यापेक्षा गार झाली की सगळं उघडायचं. ही वेळ थर्मामीटरने ठरवा, घड्याळाने नको. माझ्याकडे मे महिन्यात बाहेरची हवा गार वाटेपर्यंत साडेनऊ वाजतात. पहाटे चार ते सात ही सोन्यासारखी वेळ, त्या तीन तासांत घर जेवढं गार कराल तेवढं दुपारी एक-दीडपर्यंत पुरतं, म्हणून आमच्याकडे पहाटे उठणारा पहिला माणूस दूध तापवायच्या आधी खिडक्या उघडतो.

हे कूलर बंद असतानाचं झालं. कूलर चालू असताना नियम वेगळा आहे, तो पुढे येतोय, आणि या दोन नियमांची सरमिसळ होते तिथेच सगळे फसतात.

३. ऊन काचेच्या बाहेरच अडवा

मी पहिल्या वर्षी जाड महागडे पडदे आणले. ऊन काचेतून आत आलं, पडद्यावर पडलं, पडदा तापला, आणि पडद्याने खोली तापवली. एकदा काचेच्या आत शिरलेली उष्णता तुमचीच. त्यामुळे सावली बाहेरून हवी, बांबूची चटई, ताडपत्री, नर्सरीवाले वापरतात ती हिरवी नेट, काहीही. नेट ५० टक्के आणि ७५ टक्के सावलीची मिळते, ७५ ची घ्या. काचेला चिकटवून बांधू नका, वीतभर अंतर ठेवा म्हणजे मधली गरम हवा निघून जाते.

कुठली खिडकी आधी? पश्चिमेची. दक्षिणेचं ऊन मे महिन्यात बरंच डोक्यावर असतं, छोटा छज्जा असला तरी अडतं. पश्चिमेचं ऊन चार वाजता आडवं थेट पलंगापर्यंत येतं, त्याला छज्जा काही करू शकत नाही.

४. वर गच्ची असेल तर चुना मारा

वरच्या मजल्यावरच्या लोकांनो, तुमची खरी शेगडी डोक्यावर आहे. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळनंतर ते खाली सोडायला लागतो. माझ्या बेडरूममध्ये सगळ्यात जास्त तापमान दुपारी तीनला नसायचं, रात्री नऊ-दहाला असायचं, आणि मी उगाच पंख्याला शिव्या द्यायचो. पलंगावर उभं राहून छताला हात लावला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, हात ठेवून ठेववत नव्हता.

उपाय जुनाच, गच्चीला पांढरा चुना. पांढरा रंग ऊन परत पाठवतो, काळपट सिमेंट ते गिळतं. बाजारात यासाठी तयार पांढरे रंग मिळतात, ते टिकतात आणि महाग असतात, मालकाचं घर असेल तर त्याला पटवा. भाड्याचं असेल तर चुना मारून मोकळे व्हा.

कृती अशी. आधी गच्ची झाडून, धुऊन, एक दिवस वाळवा. धुळीवर चुना मारला तर पापुद्रे निघतात. कळीचा चुना लोखंडी पिंपात किंवा जुन्या मोठ्या पातेल्यात भिजत घाला, प्लॅस्टिकच्या बादलीत अजिबात नाही, कारण पाणी पडलं की चुना उकळतो, अक्षरशः रटरटतो, माझी एक बादली तळातून वाकडी झाली. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे, मुलांना खाली ठेवा. चुना पाण्यात हळूहळू घालायचा आणि लांब उभं राहायचं. रात्रभर मुरू द्या, दुसऱ्या दिवशी गाळून घ्या, त्यात चुन्यात घालायचा पातळ फेव्हिकॉल मिसळा म्हणजे पायाला लागत नाही. संध्याकाळी ऊन उतरल्यावर मोठ्या ब्रशने पहिला हात, दुसऱ्या संध्याकाळी दुसरा. माझ्या साधारण ५०० चौरस फुटांना २५ किलो चुना लागला.

फरक बघायचा तर दुपारी तीनला गच्चीवर जा आणि एक पाय पांढऱ्यावर, एक पाय शेजारच्या न रंगवलेल्या भागावर ठेवा. अनवाणी. मी केलंय, दुसरा पाय एक सेकंदही टिकला नाही. खाली बेडरूममध्ये रात्री दहाला ३८ दाखवणारं घड्याळ ३५ वर आलं. तीन डिग्री ऐकायला कमी वाटतं, झोपायला जाल तेव्हा कळेल.

पावसाळ्यात हे बरंचसं धुऊन जातं, म्हणजे दर मार्चला परत करायचं. आणि रोज संध्याकाळी गच्चीवर पाणी मारणारे शेजारी तुम्हाला दिसतील. गार होतं, खोटं नाही, पण ऐन मे महिन्यात शेकडो लिटर पिण्याचं पाणी स्लॅबवर ओतायचं मला पटत नाही आणि जुन्या स्लॅबला ओल धरते ती वेगळीच.

५. कूलर घ्या, पण तो काय करतो ते समजून घ्या

नागपूरकराच्या घरात टीव्ही नसेल, कूलर असतो. मुंबईकराला कूलर म्हणजे लग्नाच्या हॉलमधला दमट वारा आठवतो आणि तो नाक मुरडतो. मीही मुरडलं होतं. पण पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं, आणि हवा जितकी कोरडी तितकं ते जास्त घेतं. बाहेर ४५ डिग्री आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर चांगल्या कूलरची हवा २७-२८ पर्यंत खाली येते. मुंबईत ३४ डिग्री आणि ६५ टक्के असेल तर तोच कूलर जेमतेम २९-३० ची हवा देतो आणि वर अंग चिकचिकीत. यंत्र तेच, गाव वेगळं.

घेताना: प्लॅस्टिकचा छोटा देखणा कूलर एका माणसाच्या खोलीला ठीक. हॉलसाठी इथला पत्र्याचा किंवा फायबरचा मोठा डेझर्ट कूलर घ्या, तीन बाजूंना ताट्या (पाण्याने भिजणारे पॅड, यांच्यातूनच हवा आत येते) असलेला. ताट्यांमध्ये लाकडाच्या कुरळ्या भुशाची स्वस्त असते, दुकानदार तिलाच "खस" म्हणून देतो. खरा वाळा वेगळा, महाग, आणि पहिल्या दिवशी पाणी सोडलं की घरभर जो वास सुटतो ना त्यासाठी एकदा तरी लावून बघावा. पुठ्ठ्यासारखी जाळीदार हनीकोंब ताटी दोन-तीन वर्षं जाते, भुशाची दर सीझनला बदलावी लागते.

पत्र्याचा असेल तर टाकीला आतून डांबर मारून घ्या, नाहीतर तिसऱ्या वर्षी तळाला भोक पडतं.

६. कूलर खिडकीच्या बाहेर, आणि हवेला जायला वाट

हा अख्ख्या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे, करंटचा आठवा मुद्दा सोडला तर बाकी नाही वाचलं तरी चालेल. कूलर घराच्या आत ठेवला तर तो तीच ओली झालेली हवा पुन्हा पुन्हा ओढतो, तासाभरात खोलीची डोंबिवली होते. त्याची पाठ बाहेर आणि तोंड आत पाहिजे. खिडकीत बसवून बाजूच्या फटी थर्माकोल किंवा प्लायने बुजवा. लोखंडी अँगलचं स्टँड वेल्डरकडून करून घ्या, पाणी भरलेला मोठा कूलर सहज शंभर किलोच्या वर जातो, चार विटा रचून त्यावर ठेवायची चीज नाही ती.

आणि कूलर जेवढी हवा आत ढकलतो तेवढी बाहेर जायला जागा हवी. मी काय केलं असेल? काकूंचं ऐकून सगळं घट्ट बंद केलं आणि कूलर लावला. पहिली दहा मिनिटं स्वर्ग, मग कपाळावर घाम, भिंतीतल्या कपाटातले पापड मऊ. समोरच्या बाजूची एक खिडकी अर्धी उघडी ठेवायची. नीट चाललंय का बघायला त्या खिडकीपाशी वर्तमानपत्राचा कपटा धरा, तो बाहेरच्या दिशेने उडाला पाहिजे. आत आला तर बाहेरची झळ आत येतेय, किंवा खिडकी जास्तच उघडी आहे, थोडी लोटा.

एकदा हे कळलं की मजा येते. गार हवा तुम्हाला हवी तिथे नेता येते. आमचा कूलर हॉलमध्ये आहे, पण रात्री हॉलच्या आणि किचनच्या खिडक्या लावतो, बेडरूमचं दार उघडं आणि बेडरूमची लांबची खिडकी चार बोटं उघडी, की सगळी हवा बेडरूममधून जाते. दुसरा कूलर घ्यायची गरजच पडली नाही.

सावध: हवेची वाट किचनमधून ठेवली असेल तर गॅसची बारीक ज्योत विझते आणि गॅस तसाच येत राहतो. वास आला म्हणून आमचं निभावलं. स्वयंपाक करताना किचनचं दार लावा.

७. पाणी, क्षार आणि डास

मे महिन्यात ६० लिटरची टाकी सहा-आठ तासांत रिकामी होते. पंखा लावायच्या आधी पाच-दहा मिनिटं नुसता पंप चालू करा, ताट्या भिजू द्या, मग पंखा. एखाद्या ताटीवर कोरडा पट्टा दिसला तर वरच्या पन्हाळीची भोकं क्षाराने बुजलीत, खिळ्याने मोकळी करा. त्या कोरड्या पट्ट्यातून ४५ डिग्रीची हवा सरळ आत येत असते.

बोअरचं पाणी असेल तर पांढरे थर लवकर धरतात, कारण वाफ फक्त पाण्याची होते, क्षार टाकीतच राहतात. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करायचीच, डेंग्यूसाठीसुद्धा. एडिस डासाला साठलेलं स्वच्छ पाणी आवडतं आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो. नुसतं पाणी ओतून चालत नाही, अंडी भिंतीला चिकटलेली असतात, आतून घासून कोरडं करा. आम्ही रविवार ठरवलाय. ते पाणी कुंड्यांना न घालता बाथरूमला वापरतो, क्षाराने तुळस जळाली एकदा.

८. करंट. हे वगळू नका

विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, लहान मुलंही. लोखंडी पेटी, आत पाणी, अनवाणी पाय, ओली फरशी, सगळं एकत्र. मला स्वतःला पाइपने पाणी भरताना हाताला मुंग्या आल्या, वाटलं भास झाला. इलेक्ट्रिशियनने सॉकेट उघडलं तर तीन भोकांपैकी अर्थिंगच्या भोकाला मागे वायरच नव्हती. बाहेरून सॉकेट एकदम नवं.

- अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, सॉकेट बघून समजू नका.
- पाणी भरताना, साफ करताना नुसतं बटण बंद करून भागवू नका, पिन काढा. जुन्या घरात वायरी उलट जोडलेल्या असतात, बटण बंद असूनही आत करंट असतो.
- मीटरजवळ ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी नसेल तर बसवून घ्या. गळती झाली की क्षणात वीज तोडतो. कूलरच्या मानाने त्याचा खर्च काहीच नाही.
- पंपाची वायर पाण्यात जोड देऊन वाढवू नका. टेप लावलेला जोड तर नकोच.

९. पंखा, माठ, टाकी

पंखा खोली गार करत नाही, माणसाला गार करतो, म्हणून रिकाम्या खोलीत चालू ठेवू नका. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा) साधारण ३० च्या आसपास, भाड्याच्या घरात स्वतःचा लावून जाताना काढून नेता येतो.

माठ इथे इतका गार होतो की फ्रिजचं पाणी प्यावंसं वाटत नाही. कारण कूलरचंच, कोरडी हवा. फक्त त्याला कूलरच्या खोलीत कोंडू नका, किचनच्या सावलीतल्या खिडकीत ठेवा जिथे कोरडा वारा लागेल. नवा माठ रात्रभर पाण्यात बुडवून मग वापरा आणि साबण लावू नका, भोकं बुजतात.

गच्चीवरची काळी टाकी असेल तर दुपारी नळाला चटका बसणारं पाणी येतं. टाकीला ओली गोणपाटं गुंडाळा किंवा वर नेट बांधा, नाहीतर आंघोळीचं पाणी सकाळीच बादलीत भरून ठेवा, आम्ही शेवटी तेच करतो.

१०. एसी घ्यायचाच असेल तर

घ्या, पाप नाही. २५ मेच्या सुमाराला रोहिणी नक्षत्र लागतं, तिथून नऊ दिवस नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे दिवस, त्यात घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर एक खोली एसीची असावी. पण एसी आणि कूलर एकाच खोलीत एकदम लावू नका. कूलर हवेत ओल भरतो आणि एसी तीच ओल काढण्यात वीज घालवतो. असे लोक आहेत, माझ्या ऑफिसातच आहेत. २०२० पासून नवे एसी सुरू करताना २४ वर येतात, त्यावर २६ करा आणि पंखा दोनवर ठेवा. कूलर बारा तास चालवला तर दिवसाला अडीच युनिटच्या आसपास, एसी रात्रभर म्हणजे सहज आठ-दहा. बिलाचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात, तेव्हा महिन्याच्या मध्यावर एकदा मीटर बघत जा.

आणि कोणाला ऊन लागलं, अंग तापलंय, बरळतंय, घाम थांबलाय, तर पन्हं पाजत बसू नका. अंगावर पाणी मारा, पंखा लावा, १०८ ला फोन करा.

११. जून लागला की आवराआवर

पहिले दोन-तीन पाऊस झाले की एक दिवस कूलर लावून बसाल आणि वाटेल बिघडला. बिघडला नाही, हवेतच ओल आलीय, त्याचा सीझन संपला. पाणी काढा, दोन दिवस उन्हात वाळवा, भुशाच्या ताट्या फेकून द्या, पत्रा गंजला असेल तिथे रंग मारा, मोटरला तेल द्या आणि ताडपत्रीने झाका. पंप काढून, धुऊन, पिशवीत घालून पिशवीवर मोठ्या अक्षरात "कूलर पंप" लिहा आणि कुठे ठेवला ते घरातल्या दुसऱ्या कोणालातरी सांगा. माझ्याकडे आता तीन पंप आहेत, मार्चमध्ये नवा आणायचा आणि दिवाळीच्या साफसफाईत जुना सापडायचा.